न मळणारी खुर्ची

चकाचक हे तिचं खरं नाव नव्हे. ते तिला परदेशात मिळालं, वसतिगृहात, पहिल्याच आठवड्यात. तिनं आपल्या खोलीतलं बेसिन घासलं. मग शेजारच्या खोलीतलं घासलं. मग कुणी न सांगता मजल्यावरचं सामायिक स्वयंपाकघर असं लख्ख केलं, की कुणाला आपला तवा ओळखू येईना. तेव्हापासून ती चकाचक.

त्यात तिचा दोष नव्हता. तिच्या आईची लाँड्री होती. ती लहानाची मोठी झाली ती वाफेत आणि गरम कापडाच्या वासात. शाळेत बाकीच्या मुली फळ्याकडे बघायच्या, ही बाईंच्या पदरावरच्या शाईच्या ठिपक्याकडे. मधल्या सुट्टीत तो काढूनही द्यायची. डाग कडेकडून आत टिपत न्यायचा, मधून बाहेर चोळला तर पसरतो, हे तिला पाढ्यांच्या आधी येत होतं.

पुढे तिनं फर्निचरचं डिझाइन शिकायचं ठरवलं, तेही परदेशात. नातेवाइकांनी आईला वेड्यात काढलं.

"खुर्ची बनवायला एवढ्या लांब?"

"बसायला लागते ना तुम्हाला?" आई म्हणाली. विषय संपला.

निघताना आईनं एवढंच सांगितलं, "नव्या ठिकाणी काम सांगायची वाट बघत बसू नकोस. आपला हात आपण चालवायचा."

तिनं हात चालवला. तिथंच घोटाळा झाला.

तिसऱ्या वर्षी एक सत्र कारखान्यात काम करायचं होतं. तिथल्या प्रमुखांची सही मिळाली तर पुढचं वर्ष. नाही मिळाली तर सत्र बुडालं, शिष्यवृत्ती गेली आणि बाईसाहेब गाशा गुंडाळून घरी. तिच्या वाट्याला आला खुर्च्यांचा कारखाना, त्यातही चाचणी विभाग. तिथं लाकडी बुडाचं एक यंत्र दिवसभर खुर्च्यांवर उठबस करायचं. पहिल्या दिवशी तिला हसू आवरेना. पण विभागाच्या प्रमुख मॅडम हसल्या नाहीत, सही त्यांचीच लागायची. त्या हसल्याचं कुणाच्या ऐकिवातही नव्हतं.

तिला विभाग दाखवला तो तिथल्या एका म्हाताऱ्या सुतारानं. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला काका म्हणू लागली.

"म्हणजे कोण?" त्यानं विचारलं.

"वडिलांचा भाऊ."

"मला भाऊ नाही," तो म्हणाला. जरा वेळानं रंधा थांबवून म्हणाला, "चालेल."

जेवणाच्या खोलीत खिडकीशी एक हातांची खुर्ची होती. फिकट सायीच्या रंगाचं कापड. "ही इथंच राहते," काका म्हणाले होते. "बसावंसं वाटलं तर बस." तिनं खुर्चीकडे पाहिलं. कॉफीचे ओघळ, तेलकट बोटं, पाठीवर डोक्याचा काळपट गोल. तिला भडभडून आलं. एवढी देखणी खुर्ची, आणि तिला कुणी वाली नाही!

दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी येऊ लागली. मऊ ब्रश, साबणाचं कोमट पाणी, पांढरं सुती फडकं. लोक येईपर्यंत खुर्ची वाळलेली असायची. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? कपबशी विसळल्याचं कुणी सांगतं का?

मॅडम अधूनमधून भिंग घेऊन यायच्या. खुर्ची न्याहाळायच्या, फोटो काढायच्या, मान हलवत निघून जायच्या. असं निम्मं सत्र सरलं.

एका दुपारी काका आनंदानं फुलून जेवायला आले.

"असं कापड जन्मात पाहिलं नाही! आम्ही सगळे त्याच्यावर बसून खातोय, सांडतोय, पण सकाळी बघावं तर डाग गायब, कापड जसंच्या तसं. उद्या मॅडम पसंती देणार. सगळ्या दवाखान्यांच्या वेटिंग रूममध्ये हेच लागणार."

तिचा घास तोंडातच राहिला. "काका, म्हणजे त्या खुर्चीची... चाचणी चालली होती?"

"मग काय शोभेला ठेवलीय?"

संध्याकाळी खोलीतल्या मैत्रिणीनं सल्ला दिला, "तोंडाला कुलूप लाव. कापड पास, मॅडम खूश, तुझी सही. कुणाचं काय बिघडलं?"

तिनं आईला फोन लावला.

"आई, मी खुर्चीवरचे सगळे डाग काढले."

"शाब्बास."

"अगं शाब्बास काय! काढायचे नव्हते!"

आईनं पलीकडची घरघरणारी मशीन बंद केली. डाग काढायचे नसतात, ही गोष्ट त्या माउलीच्या गळी उतरायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "जा आणि सांगून टाक."

"हाकलतील मला."

"हाकलू देत. नाही सांगितलंस तर ते कापड दवाखान्यांत लागणार, आठवड्यात मळणार. मी ओळखते तुला. तू एकेका दवाखान्यात जाऊन खुर्च्या पुसत बसशील."

सकाळी मॅडम पेन उघडून बसल्या होत्या. काका कापडाचे तागे मोजत शेजारी उभे.

"मॅडम, ते कापड मळतं," चकाचक एका दमात म्हणाली. "भरपूर मळतं. मी धुते."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "कधी?"

"रोज."

"का?"

"मळलेलं होतं म्हणून."

काकांना अचानक जोराचा खोकला आला. ते पाठमोरे झाले, खांदे हलत राहिले.

मॅडमचा चेहरा हलला नाही. "नवं कापड चढव. पहिल्यापासून चाचणी. लोकांना रोजच्यासारखं बसू दे. मुद्दाम सांडायचं नाही, आणि पुसायचं तर नाहीच. एक जरी डाग गायब झाला, तर सही विसर."

मग सुरू झाले तिचे हाल. रोज दुपारी ती खुर्चीसमोर बसायची, हात मांडीखाली दाबून. बातमी कारखानाभर झाली होती. रंगखात्यातले, पॅकिंगमधले, सगळे मुद्दाम या खोलीत जेवायला येऊ लागले.

"काय गं, थेंब पडला बघ. जीव तुटतोय ना?"

"नीट जेवा हो जरा!"

"आम्ही नीटच जेवतो. खुर्चीच मध्ये येते."

ती फोटो काढायची आणि तोंड फिरवायची. रात्री स्वप्नात साबण यायचा, असं तिनं नंतर सांगितलं.

सत्र संपत आलं. त्या दुपारी काका त्या खुर्चीत बसून टोमॅटोच्या रश्शाशी झुंजत होते. चमचा निसटला. खुर्चीच्या हातावर लालभडक ओघळ उतरला. ओला होता तोवर निघाला असता. टोमॅटोचा डाग सुकला की जन्मभराचा. हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिनं टेबलावरचा कागदी रुमाल उचलला. त्याचं टोक दुमडलं, अगदी आईसारखं, कडेकडून टिपायला. आणि पुढे झाली.

दारात मॅडम उभ्या होत्या.

रुमाल डागाच्या वर येऊन थांबला. मग तो तसाच वर गेला आणि काकांच्या हनुवटीला लागला.

"काका, इथं लागलंय तुमच्या," ती म्हणाली आणि त्यांची हनुवटी अशी घसाघसा पुसली, की ते कळवळले.

"हळू गं! कापड नाही मी!"

सगळी खोली खदखदून हसली. मॅडम खुर्चीपाशी आल्या. वाकून तो डाग बघितला. बराच वेळ बघितला.

"कॉलेजचा कागद आण," त्या म्हणाल्या. "सही करते. आणि सोमवारी आणखी एक कापड येतंय, तेही तूच लाव."

ती निघाली. मागं वळून बघायचं नाही, असं मनाशी ठरवून दारापर्यंत गेली. आणि बघितलंच. डाग सुकत चालला होता.