छर्रे शिवलेला स्कर्ट

बर्फाळ डोंगरांतल्या मोंताफोनच्या खोऱ्यात लग्न असो की मयत, कपडा शिवायचा तो क्रेसेन्झनेच. बाईचा स्कर्ट घोट्यापर्यंतच हवा, हे ती पाद्रीबाबांपेक्षाही कडक आवाजात सांगायची. त्यामुळे तिच्याच पोरीला, बुर्गाला, स्कीच्या शर्यतीत उतरायची हुक्की आली तेव्हा गावभर हशा पिकला. बायकांच्या शर्यती नुकत्याच कुठे सुरू झाल्या होत्या. शहरातल्या पोरी खुशाल विजारी घालून यायच्या. गावात मात्र विजार म्हणजे पुरुषाची, विषय संपला!

"उतरू दे," क्रेसेन्झचा नवरा गेबहार्ड म्हणाला, "पण स्कर्ट उडाला तर घरात पाऊल ठेवायचं नाही." शिकारीच्या थैलीतले शिशाचे छर्रेही त्यानेच काढून दिले. क्रेसेन्झने ते घेराच्या दुमडीत एकेक करून शिवले. टाका असा पक्का, की वादळ आलं तरी कापड हलू नये. बाई स्वतःवरच खूश!

शर्यतीत बुर्गाने सुरुवात झकास केली. पण पहिल्याच वळणावर तो जड घेर पायांत गुंडाळला आणि पोरगी कोलांट्या खात गेली. उठली, पुन्हा निघाली, शेवटची आली. लोक पोट धरून हसले.

"फिटली ना हौस?" गेबहार्ड म्हणाला. "पुढच्या रविवारची शर्यत आता विसरायची."

संध्याकाळी क्रेसेन्झने लेकीचे मोजे उतरवले. दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या पडल्या होत्या. छर्रा न् छर्रा उमटलेला.

"पडलीस तेव्हा लागलं का गं?"

"पडल्याचं काही नाही, आई. उतारभर तूच मला मारत होतीस."

 इतकी वर्षं ज्या टाक्यांचा तोरा मिरवला, त्यांचीच क्रेसेन्झला लाज वाटली. पोरीला शर्यतीला पाठवायचं, आणि नीट पाठवायचं, असं तिने तिथेच ठरवलं.

गेबहार्डच्या विजारी दोनच. एक गोठ्यातली, शेणाने बरबटलेली. दुसरी चर्चची, काळी, लोकरीची. रविवारी घंटा वाजू लागल्या तेव्हा त्याने कपाट उघडलं, तर चर्चची विजार गायब. वळून बघतो तर दारात बुर्गा उभी, खांद्यावर स्की. विजार तिच्या अंगात. कमरेत आत घेतलेली, पायांत आखूड केलेली, अगदी मापात बसलेली.

"अगं बये, माझी विजार! मी चर्चला काय घालू?"

"स्कर्ट आहे की खुंटीवर," क्रेसेन्झ म्हणाली. "घाला खुशाल. छर्रे काढले नाहीत मी, उडायचा नाही."