निळ्या ड्रमची पाठवणी

नवलाख उंबरे गावात मंगलचा आवाज कुणाला ठाऊक नाही? अंगणवाडीत ती पोरांना "हात धुतले का रं?" असं विचारायची आणि बाहेरच्या रस्त्याने कंपनीत निघालेली मोठी माणसं नकळत आपल्या हातांकडे बघायची. पद मदतनिसाचं, रुबाब मात्र हेडबाईंचा. सव्वीस पोरांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, नखं तपासायची, हे तिचं वीस वर्षांचं राज्य. स्वच्छतेचं तर तिला वेडच. तिने घासलेल्या पातेल्यात बघून खुशाल भांग पाडावा.

आता अशा बाईच्या हातून चूक झाली, तर तीही लख्ख घासलेलीच असणार.

गेल्या उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी यायला लागलं. अंगणवाडीची टाकी तडकलेली. मंगलचा मुलगा गौरव गावाशेजारच्या रसायनांच्या कंपनीत पॅकिंगला होता. त्याने तिथला एक रिकामा निळा ड्रम आणून दिला, छातीएवढा उंच, घट्ट झाकणाचा. मंगलने तो राखेने घासला, चिंचेने घासला, तीन दिवस उन्हात पालथा घातला. ड्रमवर एक कागद चिकटलेला होता आणि त्यावर कवटीचं चित्र होतं. पोरांच्या पाण्यावर असलं अभद्र भूत कशाला, म्हणून तिने ते सुरीने खरवडून काढलं आणि त्या जागी कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पहिलं पाणी भरलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पोरांना खोबरं मिळालं, पोरं खूश.

त्या नारळाचा आवाज गावभर गेला. "मंगलनं आणलाय म्हंजे चांगलाच आसंल," असं म्हणत महिन्याभरात त्याच कंपनीतून घरोघर निळे ड्रम आले. अंगणवाडीतला धरून मोजून एकतीस! प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकाला स्वस्तिक. त्या दिवसांत मंगल रस्त्याने जरा जास्तच ताठ चालायची.

खोट काढली ती एकट्या छकुलीने. वय साडेचार, गावातल्या सगळ्यांत जुन्या बयाबाईंची ही पणती. पेला नाकाशी नेऊन ती म्हणाली, "मंगलआजी, पान्याला दवाखान्याचा वास येतोय."

"लय आगाव! गुमान पी," मंगल डाफरली.

छकुली प्यायली नाही. त्या दिवसापासून ती शाळेतल्या मोठ्या पोरांकडून हापसा मारून घ्यायची आणि ओंजळीने पाणी प्यायची. घरीही तोच हट्ट. मंगलला हा आपला अपमान वाटला, आणि तिने तो मनात नीट घडी घालून ठेवला.

पंधरा दिवसांनी उपकेंद्रातली नर्स अमृता पोरांची वजनं घ्यायला आली. जवळजवळ सगळ्यांच्या ओठांभोवती पुरळ होतं. दोघा-तिघांची पोटं दुखत होती. "घामोळं आसंल," मंगल म्हणाली. पण अमृता छकुलीपाशी थांबली. हिचं एकटीचं तोंड कसं स्वच्छ?

"मी ते पीत न्हाई," छकुलीने कोपऱ्यातल्या ड्रमकडे बोट केलं.

अमृताने झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि पटकन मागे घेतलं. "मावशी, ह्याच्यावर काही चिकटवलेलं होतं का?"

मंगलचा आवाज पहिल्यांदाच बसला. "व्हतं. कवटी व्हती. म्या खरवडली."

अमृता रागावली नाही. तिने एवढंच सांगितलं, की राखेने वरचं निघतं, पण प्लास्टिकमध्ये मुरलेलं विषारी औषध निघत नाही. ते थोडं थोडं पाण्यात उतरत राहतं, आणि लहान पोराला मोठ्या माणसापेक्षा लवकर बाधतं. पोरांना तपासून आणलं. चांगलं पाणी पाजत राहिलं तर बरी होतील, असं डॉक्टर म्हणाले. मंगलने तो ड्रम त्याच दुपारी रिकामा केला आणि चुलीपाशी बसून पोटभर रडली. दुसऱ्या कुणी केलं असतं तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

पण पोरं अंगणवाडीत चार तास, बाकी घरीच. घरी तीस ड्रम भरलेले. मंगल दारोदार गेली. "आमी दोनदा धुतलाय," लोक म्हणाले. आणि बयाबाईंनी तर दारच लावलं म्हणा ना. "पुजलेलं पान्याचं भांडं उंबऱ्याभाईर टाकायचं न्हाई. घराचं पानी तुटतं." बयाबाई बोलल्या म्हणजे गाव बोललं.

मंगल त्यांच्या ओट्यावर बसली. "आत्या, कवटी म्या पुसली. नारळ म्या फोडला. माज्यावर इश्वास ठिवून तुमी ड्रम आणला, आन तुमची छकुली तेवढी शहाणी निघाली." मग डोळे पुसता पुसता तिला सुचलं. "टाकायचं न्हाई ना? मग लेकीला आपण काय टाकतो व्हय? तिला वाटं लावतो. ह्यास्नी बी सासरी धाडू. कंपनीत."

बयाबाई बोळक्या तोंडाने इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. "मंग वटी भराया पायजेल!"

रविवारी पाठवणी निघाली. अमृताने उचलणाऱ्यांना हातमोजे घालायला लावले आणि पोरांना लांब उभं केलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एकतीस ड्रम, पुढे ढोल-लेझीम. खण-नारळ पहिल्या ड्रमला, बाकीच्यांची चार चार तांदळांवर बोळवण. बायका पदर डोळ्यांना लावून खोटं खोटं रडल्या आणि मग हसू आवरेना. गौरव नोकरीच्या धास्तीने मागे मागे होता, पण ढोल ऐकून त्याचेही पाय राहिनात, लेझीम हातात आलीच.

कंपनीच्या फाटकावर साहेब आले. मंगलने आपला जुना आवाज काढला, "साहेब, एकतीस सुना आणल्यात, पदरात घ्या. पुन्यांदा माहेरी धाडू नका!"

असले ड्रम गावात जाऊच नयेत, हा नियम साहेबांना पाठ होता. त्यांनी मुकाट्याने उतरवून घेतले आणि पुन्हा असा ड्रम गावात जाणार नाही, असं लिहूनही दिलं. गौरवला कुणी काही बोललं नाही. घरोघरच्या माळ्यांवरून पितळी हंडे खाली आले, आणि अंगणवाडीची तडकलेली टाकी ग्रामपंचायतीने बदलली.

पोरांची तोंडं बरी झाली. राहिली छकुली. ती अजून हापशावरच. एके सकाळी मंगल पेला घेऊन तिच्यासमोर उकिडवी बसली. "मी चुकले गं बाय. तुजं नाक खरं व्हतं."

छकुलीने पेला नाकाशी धरला. हुंगला, पुन्हा हुंगला. वीस वर्षांत मंगल कुठल्या तपासणीला इतकी घाबरली नव्हती.

"कसला वास येतोय?"

"कसलाच न्हाई." छकुलीने घटाघटा पेला संपवला आणि पुढे केला. "आनिक."

मंगलने भरला. तोवर बाकीची पंचवीस पोरंही पेले नाकाशी धरून हुंगत उभी राहिली होती. मंगलने कुणालाच आगाव म्हटलं नाही.