मंगळाबाईंचा सिग्नल रिपोर्ट

"मेडम, हे गेलं," असं म्हणून पंचनाद रावांनी पिशवीतून एक काळा, जड ठोकळा काढून माझ्या टेबलावर ठेवला. जळलेल्या वार्निशचा वास वर्कशॉपभर पसरला. कॉइलला तार गुंडाळणारी आमची वाइंडर सेल्वी मशीन थांबवून नाकाला पदर लावून बघायला आली.

तुम्हा नातवंडांना आपलं वर्कशॉप माहीत आहे. कुंभकोणममधल्या इनवर्टर आणि स्टॅबिलायझरचे ट्रान्सफॉर्मर आम्ही करतो. डिझाइन माझं, वाइंडिंग सेल्वीचं, हिशेब आणि गिऱ्हाईक तुमच्या माधव आजोबांचं. माधव माझे धाकटे दीर. पण वर्कशॉपमध्ये बॉस तेच.

हा ठोकळा मात्र आमच्या कामातला नव्हता. तो मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर होता, म्हणजे आवाज रेडिओ लहरीवर चढवणारा. पंचनाद राव कॉलेजातून निवृत्त झालेले फिजिक्सचे प्राध्यापक, आपल्यासारखेच तंजावरी मराठी. परवाना घेऊन घरून रेडिओवर बोलायचा त्यांचा छंद. याला हॅम रेडिओ म्हणतात. त्यांचा ट्रान्समीटर त्यांनी स्वतः बांधलेला, काचेच्या व्हॉल्व्हचा, आणि तो एएमवर चालतो.

एएम म्हणजे काय ते सोपं करून सांगते. आवाज एकटा दूर जाऊ शकत नाही. त्याला रेडिओ लहरीच्या पालखीत बसवून पाठवावं लागतं. एएममध्ये पालखी आणि आत बसलेला आवाज, दोन्ही तुमच्या दारापर्यंत येतात. आजकालचे बहुतेक हॅम एसएसबी वापरतात. त्यात पालखी घरीच ठेवतात आणि अर्धा आवाज तेवढा पाठवतात. वीज वाचते, आवाज लांब जातो. पण घेणाऱ्याच्या सेटमध्ये त्याची स्वतःची पालखी तयार असावी लागते. आपल्या साध्या रेडिओत ती नसते.

"आम्ही हे करत नाही, सार," माधव म्हणाले. "एक नग करायचा, डिझाइन नवीन, आणि उद्या परत जळलं तर दोष आमचा. नवा एसएसबी सेट घ्या. तळहाताएवढा असतो."

"घेतला होता, एका मित्राचा, उसना."

"मग?"

"माझा आवाज बदकासारखा येतो म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"घरचे लोक," एवढंच बोलून राव पिशवीची घडी घालू लागले.

मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट आहे. पण सांगितलं ना, आवाज पालखीसकट पाठवायचा ट्रान्सफॉर्मर मी आयुष्यात केला नव्हता. हात शिवशिवत होते. "ठेवून जा," मी म्हणाले.

"वैनी," राव गेल्यावर माधव म्हणाले, "नोको म्हणायला तुम्ही कधी शिकणार?"

"तुम्ही म्हणताच की दोघांच्या वाटचं."

जुनी कॉइल सोडवून तिची मापं घेतली. सेल्वीने नवीन बॉबिनवर तारेचे थर घातले, प्रत्येक थरात इन्सुलेशन पेपर घातला. मग कोअर भरला. कोअर म्हणजे इंग्रजी ई आणि आय या अक्षरांच्या आकाराच्या पातळ पोलादी पत्र्यांची चळत. एक ई डावीकडून, पुढची उजवीकडून, अशा आलटून पालटून घालायच्या. त्याने कोअर घट्ट बसतो. आम्ही वर्षानुवर्षं असंच करत आलो. टेबलावर टेस्ट केली. एका बाजूने आवाजाचा सिग्नल दिला, दुसऱ्या बाजूने तो स्वच्छ बाहेर आला.

रविवारी राव हवेत गेले, म्हणजे स्टेशन चालू केलं. त्यांचा मित्र शहाजी राव आरणीला असतो. तोही हॅम, तोही आपल्यातला. दर रविवारी सकाळी दोघं एएमवर बोलतात. सोमवारी रावांचा फोन आला.

"शहाजीने फाइव्ह नाइन दिला, मेडम!"

हॅम लोकांच्या सिग्नल रिपोर्टात फाइव्ह नाइन म्हणजे पैकीच्या पैकी. आवाज स्पष्ट, सिग्नल जोरात. माधवना मी मुद्दाम स्पीकरवर ऐकवलं.

पण काही आठवड्यांनी राव स्वतः आले. चेहरा उतरलेला.

"मेडम, गोविंदपुरमला माझ्या बहिणीचा रेडिओ बिघडला आहे. बघता का?"

"रेडिओ दुरुस्त करणारा बाजारात आहे की," माधव म्हणाले.

"तो येऊन गेला. सेट बेस आहे, काही बिघाड नाही म्हणाला. मग मंगळा मी बोलायला लागल्यावर बंद का करते?"

माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आलं, की रावांचं रविवारचं बोलणं शहाजी रावापलीकडे आणखी कोणी ऐकतं. आणि माझ्या हातचा माल नीट नसेल तर ते मलाच बघायला हवं. रविवारी राव घरी ट्रान्समीटरपाशी बसले आणि मी ऑटो करून गोविंदपुरमला गेले.

मंगळाबाई रावांच्या धाकट्या बहीण. पक्षाघातानंतर हातपाय सावरले, वाचा मात्र गेली. सगळं समजतं, शब्द ओठांवर येत नाहीत. त्यांना अत्ती म्हणणारी त्यांची सून वैजयंती मला आत नेता नेता हळू आवाजात सांगत होती.

"फोन दिला की समोरचा 'हॅलो, हॅलो, बोल की' म्हणतो. मग अत्तींना रडू येतं, फोन टाकून देतात. व्हिडिओ कॉलचं तर नावच काढू नका. रेडिओवर कोणी उत्तर मागत नाही ना."

"म्हणून राव एएमवर बोलतात?"

"हा घरचा जुना रेडिओ त्याच्यावरच ऐकू येतो. अत्तींना तोच लागतो. त्याचा नॉब त्यांच्या हातात बसतो."

"राव त्यांना काय सांगतात?"

"त्यांना काहीच सांगत नाहीत. नियमच आहे म्हणे, परवानावाल्याने परवानावाल्याशीच बोलायचं. मामा आरणीच्या मामांशी बोलतात. पण..." ती हसली. "खोटं बोलतात."

"म्हणजे?"

"लहानपणच्या गोष्टी उलट्या करून सांगतात. अत्तींना राग येतो. राग आला की शब्द येतात, मेडम! एकदा 'खोटं' म्हणाल्या. मग दर रविवारी काही ना काही. पूर्ण आठवड्यात तेवढंच बोलतात. आम्ही कोणी त्यांच्याकडे बघत नाही. बघितलं की थांबतात. गेले किती रविवार तेही नाही. रेडिओच बंद करतात."

मंगळाबाई खिडकीपाशी खुर्चीवर बसल्या होत्या. बाजूच्या स्टुलावर रेडिओ खरखरत होता. वैजयंती शेंगा मोडत बसली, मीही चार शेंगा हातात घेतल्या. वेळ झाली. राव बोलायला लागले.

तो आवाज ऐकून मला लाज वाटली. पत्र्याच्या डब्यातून भांडं घासल्यासारखा. रावांच्या आवाजातला सगळा खर्ज गेला होता आणि प्रत्येक शब्दाची कडा चिरलेली होती. दोन वाक्यं झाली. मंगळाबाईंनी रेडिओकडे बघितलं, मान हलवली आणि नॉब उलटा फिरवला. टक्. खोलीत फक्त शेंगांचा आवाज राहिला.

घरी येऊन मी पहिल्यांदा आरणीला फोन लावला.

"शहाजी राव, खरं सांगा. आवाज कसा येतो?"

"फाइव्ह नाइन, मेडम."

"खरं म्हटलं मी."

"बेस नाही. कर्कश येतो. पण पंचनादने एवढ्या हौसेने करून घेतला. आमच्यात कोणी आवाज वाईट आहे असं तोंडावर सांगत नाही. पद्धत आहे तशी."

पद्धत! त्यांच्या पद्धतीमुळे एका बाईचं बोलणं बंद पडलं होतं. अर्थात शहाजी रावांना ते ठाऊक नव्हतं.

आता दोष शोधायचा होता. टेबलावर चांगलं चाललं, मग ट्रान्समीटरमध्ये काय वेगळं? कागद घेऊन सर्किट काढलं आणि पाचव्या मिनिटाला कपाळावर हात मारला. या ट्रान्सफॉर्मरमधून नुसता आवाज जात नाही. ट्रान्समीटरचा डीसी करंट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, त्याच वाइंडिंगमधून सतत जाते. माझ्या टेबलावर ती नव्हती. डीसीमुळे कोअर आधीच चुंबकत्वाने भरून जातो. मग आवाजाला जागा उरत नाही आणि तो चिरतो. उपाय पुस्तकात असतो: ई सगळ्या एका बाजूला, आय सगळ्या दुसऱ्या बाजूला, मध्ये कागदाएवढी फट. आम्ही हाताच्या सवयीने आलटून पालटून घट्ट भरून ठेवला होता.

"फट ठेवायची?" सेल्वीने मला दोनदा विचारलं. "मुद्दाम? अम्मा, फट राहिली तर तुम्हीच ओरडता."

"या वेळी राहिली नाही तर ओरडेन."

माधव बाजूला उभे होते. गोविंदपुरमचं मी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी डब्यातून इन्सुलेशन पेपरचा तुकडा काढला, फटीच्या मापाने कापला आणि सेल्वीच्या हातात दिला. या वेळी आम्ही टेस्टही वाइंडिंगमधून डीसी वाहता ठेवूनच केली.

पुढच्या रविवारी मी परत गोविंदपुरमला. त्याच शेंगा, तीच खुर्ची. मंगळाबाईंचा हात नॉबवरच होता, बंद करायला तयार.

रेडिओ खरखरत होता. एकाएकी खरखर खाली बसली. कोणी बोललं नव्हतं. नुसती रावांची लहर आली होती, रिकामी पालखी. हे फक्त एएमवर होतं. बोलणारा तोंड उघडण्याआधी तो आला आहे हे कळतं, एखादं माणूस दाराशी येऊन चपला काढतं तसं. मंगळाबाई खुर्चीत सरळ झाल्या.

मग रावांनी घसा साफ केला. तो घसा, तो श्वास, मागे त्यांच्या घरच्या झोपाळ्याची कडी, सगळं त्या खोलीत येऊन बसलं. मी आयुष्यभर विजेचं काम केलं, पण विजेतून माणूस इतका अख्खा आलेला तोवर ऐकला नव्हता.

"शहाजी, तुला सांगतो," राव म्हणाले, "लहानपणी आम्ही तिरुवलंचुळीला गेलो होतो. पांढऱ्या पिळ्ळैयार गणपतीच्या देवळात मंगळा हरवली. रडून रडून गाव गोळा केलं. मीच तिला शोधून आणलं. ओवर."

"तू लहानपणापासून धीराचा," तिकडून शहाजी राव म्हणाले. त्यांना आता मी सगळं सांगून ठेवलं होतं.

"खो..." खुर्चीतून आवाज आला. मी शेंगांवरची नजर हलवली नाही. वैजयंतीची बोटं मात्र थांबली.

"खोटं!"

रेडिओ आपला सांगतच होता, मंगळाचं नाक कसं वाहत होतं ते.

"खोटं! हरवला... तो. तो हरवला! मी... मी आणला!" मंगळाबाईंनी स्टुलावर थाप मारली. रेडिओ हलला. "खोटारडा!"

वैजयंतीने पदराने डोळे पुसले आणि शेंगा मोडायला लागली. मीही मोडल्या. खुर्चीकडे कोणी बघितलं नाही. त्या घरचा नियमच तो.

अंगणात येऊन मी रावांना फोन लावला.

"बोलली?"

"बोलल्या. चार-पाच शब्द एका दमात. स्टुलावर थापही मारली."

"शेवटी काय म्हणाली?"

"खोटारडा."

"नुसतं खोटारडा?" राव विचारात पडले. "ट्रान्सफॉर्मर जळण्याआधी गाढवसुद्धा म्हणत होती. मेडम, वरच्या पट्टीत अजून थोडं कमी येत असणार. परत एकदा बघता का?"

बघितलं. थोडं कमी येत होतं. सेल्वीने कॉइल पुन्हा घातली. गाढव परत आलं.

तेव्हापासून आमच्या वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी पक्क्या आहेत. जिथे माल चालायचा तिथल्यासारखाच करंट देऊन टेस्ट करायची. आणि माल कसा चालतो हे भीड बाळगणाऱ्या माणसाला विचारायचं नाही. जो बंद करून टाकेल त्याला विचारायचं.

गेल्या महिन्यात तुम्हाला मी तळलेल्या मुरुक्कूचा डबा पाठवला होता. तुम्ही तिघांनीही 'सुपर, आजी' असं कळवलंत. आता खरं कळवा.