अडतीसची पॅन्ट, अठ्ठावीसची कंबर

आमच्या समोरच्या दारातल्या वहिनी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, कमरेवरून ओळखतात. जिन्यात भेटल्या की नजर आधी पोटावर जाते आणि मग "काय म्हणता?" एकदा मला म्हणाल्या, "भावजी, दोन इंच." मी म्हटलं, "उंची वाढली की काय?" हसल्या नाहीत. मापाच्या बाबतीत त्या थट्टा करत नाहीत. आणि खरं सांगायचं तर ते दोन इंच त्यांनी माझ्या बायकोलाही कधी सांगितले नाहीत. गिऱ्हाइकाचं माप गिऱ्हाइकापाशीच, असा त्यांचा नेम. मला असले नेम झेपत नाहीत. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. राहतं ते बाकी सगळं.

वहिनी एका कपड्यांच्या दुकानात पॅन्टी लहानमोठ्या करून देतात. दुकान तेरा ते एकोणीस वयाच्या पोरापोरींचं. गाणी इतकी मोठ्यानं लावतात की आपल्या वयाचा माणूस दाराशीच थबकतो, आणि तेच त्यांना हवं असतं. वरच्या मजल्यावर ट्रायल रूमच्या शेजारी वहिनींचं टेबल: मशीन, दिवा, खडू, आणि चिठ्ठ्या टोचायची उभी तार. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव, घेतलेलं माप आणि करून दिलेलं माप. सतरा वर्षं तेच टेबल. त्यांचे मिस्टर बस चालवतात आणि घरी बोलत नाहीत. भोंगा वाजवण्यातच त्यांचं दिवसभराचं बोलून झालेलं असतं. म्हणून वहिनी जे काही बोलतात ते लेकीशी, नाहीतर जिन्यात माझ्याशी. माझ्यापर्यंत आलं की मग ते सगळ्यांचंच होतं.

त्या दिवशी जिन्यात त्या नेहमीसारख्या माझ्या पोटाकडे बघेनात, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"टेबल काढतायत," म्हणाल्या. "महिनाअखेरीला. तिथं दिव्यांचा आरसा लावणार. पोरं म्हणे त्यात फोटो काढतात, मोबाइलवर टाकतात, दुकानाची फुकटात जाहिरात."

"आणि तुम्ही?"

"गोदामात. कपड्यांना किमतीच्या चिठ्ठ्या अडकवायच्या."

हा हुकूम नव्या मॅनेजरचा. वय असेल अठ्ठावीस. भिंतभर रंगीत तक्ते लावतो, म्हणून वहिनींनी त्याचं नाव तक्तेसाहेब ठेवलं होतं. पोरगा मेहनती, बोलायला गोड, वहिनींना मावशी म्हणायचा. पण एखादी गोष्ट तक्त्यात दिसली नाही तर ती जगात नाही, असा त्याचा पक्का समज. वहिनींचं काम फुकट, पॅन्टच्या किमतीतच धरलेलं; त्यामुळे तक्त्यात त्यांच्या नावाची रेघच नव्हती.

याच सुमारास तक्त्यातली दुसरी एक रेघ मात्र चढायला लागली. मुलांच्या विभागातल्या छत्तीस आणि अडतीस कमरेच्या पॅन्टी धडाधड खपत होत्या. तक्तेसाहेबांनी रेघेकडे पाहिलं, विचार केला आणि निष्कर्ष काढला: पोरं जाड व्हायला लागली! हेड ऑफिसला कळवलं, शाबासकी मिळाली, ट्रकभर माल आला. रॅकवरच्या मोठ्या मापांसकट सगळं खाली नेलं आणि तळमजल्यावर वेगळं दालन उघडलं. फुगे लावले. वर ही मोठी पाटी: 'ऐसपैस! मोठ्या मापाच्या मुलामुलींसाठी खास.'

आठवडा गेला. एक पॅन्ट हलेना.

मला हे कळल्यावर राहवेना. मी बघायला गेलो. आतल्या मुलीनं विचारलं, "काका, मुलासाठी का?" आता मुलगा नाही म्हणून काय कोणी रिकाम्या हातानं परततं? म्हटलं, "माझ्यासाठीच." सहा खिशांची, शेवाळी रंगाची, अडतीसची. कमरेला अशी बसली की जणू माझ्यासाठीच बेतली होती. फक्त लांबी वीतभर जास्त. कोपऱ्यात उभ्या तक्तेसाहेबांचे डोळे चकाकले. मी पैसे देतोय तोवर त्यांनी हेड ऑफिसला फोन लावलासुद्धा: "हो, सुरुवात झाली आहे."

घरी बायकोनं पॅन्ट पाहिली आणि एवढंच म्हणाली, "अहो, शाळेचं दप्तरही आणायचंत." मी तडक समोरच्या दारात गेलो. सगळी हकीकत ऐकून वहिनी भिंतीला टेकून हसायला लागल्या. डोळ्यांना पाणी आलं. सतरा वर्षांत मापावरून त्या हसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

"अहो भावजी, तो माल जाड पोरं नव्हती नेत. माझ्या पोरी नेत होत्या! अठ्ठावीस कमरेच्या काड्या! मुलांच्या रॅकवरची अडतीस उचलायची, माझ्याकडे यायचं, मागे दोन चिमटे घालून कंबर आवळून घ्यायची. खाली पाय कसे मोकळे, ऐसपैस. सध्या तेच चाललंय. गेले चार महिने दुसरं काही शिवलेलंच नाही मी."

"मग सांगा की त्याला! टेबल वाचेल!"

वहिनींचं हसू तिथंच थांबलं. "मला विचारलं कोणी? आणि चिठ्ठ्यांवर नावं आहेत पोरींची. या वयात कंबर किती हे आईलासुद्धा सांगत नाहीत त्या. विश्वासानं माझ्या टेपमध्ये उभ्या राहिल्या. टेबलापायी मी ती मापं साहेबांपुढे वाचू?"

वहिनींची सोळा वर्षांची लेक चिमणी पुस्तकातून मान न काढता म्हणाली, "आई, नावं कापून टाक ना. माप थोडंच कोणाचं तोंड ओळखतंय?"

वहिनींनी लेकीकडे असं पाहिलं की जणू ती आत्ताच जन्माला आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात हजर. निमित्त माझ्या पॅन्टच्या लांबीचं. माझ्या नशिबानं ती खरंच जास्त होती. वहिनींनी तारेवरून चिठ्ठ्या उतरवल्या होत्या आणि मोठ्या कात्रीनं एकेका चिठ्ठीची वरची पट्टी, नावाची, कापत होत्या. कचकच, कचकच. पट्ट्या बारीक करून त्यांनी कतरणीच्या पोत्यात टाकल्या, चिंध्यांत कालवल्या, आणि मगच तक्तेसाहेबांना वर बोलावलं.

"साहेब, हे वाचा."

"मावशी, आरशाचं ठरलंय हो, आता..."

"आरशाचं नंतर. वाचा."

त्यांनी वाचलं. घेतली अडतीस, केली अठ्ठावीस. घेतली छत्तीस, केली सत्तावीस. घेतली अडतीस, केली एकोणतीस. दहाएक चिठ्ठ्यांनंतर त्यांचा आवाज बारीक झाला. वीसनंतर ते स्टुलावर बसले. माझ्या पॅन्टवरच बसले, पण ती वेळ बोलायची नव्हती.

"म्हणजे मुली?"

"मुली."

"मग त्या खाली दालनात का येत नाहीत? तोच तर माल आहे."

"पाटी वाचता येते त्यांना," वहिनी म्हणाल्या. "मुलांच्या रॅकमधून आपण शोधून काढलं, यातच तर गंमत. तुम्ही ते हँगरवर लावून, वर फुगे बांधून दिलंत. आणि समजा एखादं पोर खरंच मोठ्या मापाचं असलं, तरी ते त्या पाटीखाली जाऊन उभं राहील? त्या वयात तुम्ही राहिला असतात?"

तक्तेसाहेब बराच वेळ चिठ्ठ्या सारख्या करत राहिले. मग हळूच म्हणाले, "शाळेत मी छत्तीसचाच होतो. नसतो राहिलो."

वहिनींना ते आधीच कळलं असणार. त्यांच्या नजरेतून कोणाची कंबर सुटते? त्यांनी स्वतःच्या चहातला अर्धा दुसऱ्या कपात ओतून त्यांच्यापुढे सरकवला. मला नाही दिला.

संध्याकाळपर्यंत पाटी उतरली. तो सगळा माल वर मुलांच्या रॅकवर गेला, तोही वहिनींच्या सांगण्यावरून नीट न लावता, जरा विस्कटून, शोधायला लागेल असा. पंधरा दिवसांत निम्मा खपला आणि ट्रायल रूमपासून जिन्यापर्यंत पोरींची रांग लागली. दिव्यांचा आरसा खाली गेला, रिकाम्या दालनात. हेड ऑफिस खूश. टेबल जागचं हललं नाही.

मग तक्तेसाहेबांना नवी हौस आली. वहिनींनी दर आठवड्याला एक तक्ता भरून द्यावा, रंग ते देतील.

"तक्ता मी भरणार नाही," वहिनी म्हणाल्या. "दर मंगळवारी दुपारी येऊन इथं बसा. टाके उसवून द्या मला, आणि पोरी काय बोलतात ते ऐका. तोंड मात्र बंद."

आता दर मंगळवारी तो मोठा साहेब मांडीवर पॅन्ट घेऊन, छोट्या पात्यानं टाके उसवत बसलेला असतो. सुरुवातीला दोनदा बोट कापून घेतलं. पुढच्या हंगामात पोरींना काय हवंय हे त्याला हेड ऑफिसच्या आधी कळतं, आणि वहिनींची तक्रार एवढीच की तो फार सावकाश उसवतो.

गेल्या मंगळवारी मी सहज डोकावलो. (सहजच. बायकोला विचारा.) एक पोरगी धावत आली, वहिनींपुढे गर्दी बघून पॅन्ट सरळ तक्तेसाहेबांपुढे टाकली आणि म्हणाली, "काका, घोट्यापाशी आवळून द्या ना."

अठ्ठाविसाव्या वर्षी काका! साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, वहिनी मशीन चालवत होत्या, मान वर केली नाही. मग साहेबांनी टेबलावरचा खडू उचलला.

"किती आवळायचं?" त्यांनी विचारलं.