पैलवानांची झोप

"झोपलो न्हाई राव, इचार करत होतो," असं पैलवान म्हणायचे तेव्हा त्यांची हनुवटी छातीवर टेकलेली असायची आणि त्यांचं घोरणं कंपनीच्या सगळ्या बसनं नुकतंच ऐकलेलं असायचं. मी चाकणला बसायचो, ते निघोजे फाट्यावर चढायचे. मोशी यायच्या आत त्यांचा विचार सुरू व्हायचा. पिंपरीला कंपनीच्या गेटवर कुणीतरी दंड धरून हलवायचं, तेव्हा कुठे तो संपायचा.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा जाडजूड, कुठेही डुलक्या घेणारा माणूस असेल. त्याला तुम्ही हसलाही असाल. आम्ही तर पोट धरून हसायचो. एकदा कॅन्टीनमध्ये घास हातात धरून ते पेंगले, बोटं आमटीत बुडाली तरी पत्ता नाही. "नशीबवान आहेत पैलवान, आम्हाला गाद्यांवर झोप येत नाही," असं म्हणत लोक फोटो काढत होते.

तरुणपणी ते जत्रांमधून कुस्त्या मारायचे. पुढे गुडघा गेला, तालीम सुटली, खुराक मात्र सुटला नाही. गावात त्याला कुणी जाडेपणा म्हणत नव्हतं, 'अंगानं भरलाय' म्हणायचे. जमीन कंपन्यांकडे गेलेली, पैलवान नोकरीला लागलेले. तरी घराचं काही बिघडलेलं नाही, हे भावकीला त्यांच्या मानेकडे बघून कळायचं. गावच्या यात्रेत त्या देहाला फेटा बांधून आखाड्याच्या कडेला पुढच्या खुर्चीत बसवायचे.

कंपनीत ते फोर्कलिफ्ट चालवायचे. एका दुपारी चालवता चालवताच त्यांचा डोळा लागला आणि गाडी हळूच जाऊन रॅकला भिडली. खोकी कोसळली. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी हसलं नाही. गाडी काढून घेऊन कंपनीनं त्यांना तपासणीला पाठवलं. "डॉक्टर विंग्रजी बोलला तर?" म्हणून त्यांनी मला बरोबर नेलं.

डॉक्टर चांगलं मराठी बोलले. मानेभोवती चरबी वाढली, की झोपेत घशातली वाट मिटते. श्वास थांबतो, शरीर दचकून जागं होतं, वाट पुन्हा मिटते, असं रात्रभर. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते, भुकेनं वजन वाढतं, वजनानं झोप आणखी मोडते.

"म्हंजी मी इतकी वर्सं झोपलोच न्हाई?" पैलवानांनी विचारलं.

"जवळजवळ नाहीच," डॉक्टर म्हणाले. "रोज रात्री हवा सोडणाऱ्या मशीनचा मास्क लावून झोपायचं आणि वजन उतरवायचं. हयगय केलीत तर एखाद्या रात्री हृदय दगा देईल."

पैलवान माझ्याकडे वळून म्हणाले, "आन् घरी मला म्हशीवानी लोळतो म्हणत्यात, राव."

मशीन घरी आलं. त्या मास्कला वहिनी घाबरल्या. कोरोनात त्यांनी आपल्या भावाला शेवटचं पाहिलं, ते असाच मास्क लावलेलं. पैलवान मात्र हट्टानं लावून झोपले. थोड्याच दिवसांत एका सकाळी ते बसमध्ये चढले ते डोळे टक्क उघडे ठेवून. माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "राव, सकाळ अशी असती व्हय?" पिंपरीपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. "हितं एवढी मोठी सोसायटी कवा झाली?" "ह्यो पूल कवा बांधला?" वर्षानुवर्षं त्याच रस्त्यानं गेलेला माणूस तो रस्ता पहिल्यांदा बघत होता. मला हसू आलं आणि मी त्यांना एकेक ठिकाण दाखवत गेलो.

पुढे ते संध्याकाळी चालायला लागले. तूप सुटलं. सदऱ्याची कॉलर सैल झाली. आणि मग गावाला काळजी वाटायला लागली. आपल्या लोकांची ही काळजी मी चांगली ओळखून आहे. माणूस फुगत असतो तेव्हा ती कुठे दडी मारून बसते, कोण जाणे.

"लई उतरलात पैलवान, शुगर हाय का?" पारावर विचारणा झाली. "मोठा आजार असंल, रातीला ऑक्सिजनवर आसत्यात," हे कुणीतरी पसरवलं. नेमकं तेव्हाच मुलीचं जमत आलं होतं. मध्यस्थानं कानावर घातलं, की बाप आजारी आहे असं पाव्हण्यांना कळलं, तर स्थळ हातचं जाईल. झालं. मशीन माळ्यावर गेलं. बाप भरलेला दिसावा म्हणून ताटात तूप आलं, रात्री दुधाचा तांब्या आला.

मी घरी जाऊन वहिनींना हात जोडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "भावजी, तुमचं खरं हाय. पन पोरीचं मोडलं तर तोंड कुठं दाखवू?" पैलवान खाली मान घालून बसले होते. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "लगीन होऊ द्या राव. मंग रोज लावतो."

लग्न थाटात झालं. फेटा बांधलेले पैलवान मांडवात पुन्हा पूर्वीसारखे दिसत होते आणि तब्येत सुधारली म्हणून लोक त्यांची पाठ थोपटत होते. कन्यादानानंतर खुर्चीत बसल्या बसल्या ते झोपले. सगळे कौतुकानं हसले. मला त्या सगळ्यांचा राग आला.

मुलगी माहेरी परतणीला आली, तिच्या सासरची माणसं मुक्कामाला आली. पाव्हण्यांसमोर मशीन कसं काढणार? पैलवान बाहेरच्या खोलीत त्यांच्याच शेजारी झोपले. त्यांच्या घोरण्यानं पाव्हणे बराच वेळ जागे होते. मग घोरणं थांबलं, तसं पाव्हण्यांना बरं वाटलं. चला, शांत झोप लागली म्हणून तेही झोपले. सकाळी चहाला हाक मारली तेव्हा पैलवान उठले नाहीत.

दशक्रियेला इंद्रायणीच्या घाटावर गर्दी मावत नव्हती. आमच्या भागात मेलेल्या माणसाला भाषणांतून सुटका नाही. एकामागून एक पुढारी माइक धरत होते. "पुण्यवान माणूस. झोपेत गेला. असं मरण मागून मिळत नाही." माना डोलत होत्या. माइक हिसकावून घ्यावा आणि डॉक्टरांचं सगळं बोलणं या लोकांना ऐकवावं, असं मला फार वाटलं.

तेवढ्यात वहिनी बायकांमधून उठून माझ्याकडे आल्या. चेहरा पार ओढलेला होता. कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "भावजी, तुमी डॉक्टरकडं व्हता. खरं सांगा. त्यास्नी तरास झाला नसंल ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "शांत झोपेत गेले."