नोरासाठी सोडलेला चहा

माझ्या आईने नोरा नावाच्या एका गोऱ्या मुलीसाठी चहा सोडला होता. ही नोरा एका इंग्रजी कादंबरीत राहत होती.

आधीच सांगून टाकते, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. बी.ए., तेही इंग्रजी घेऊन! (टक्के विचारू नका. पदवी ती पदवी.) अण्णांचं धारवाडात सुभाष रोडला भांड्यांचं दुकान, पण शाळेशी त्यांचं चौथीतच बिनसलं. आईला अक्षरओळख नाही. त्यामुळे मळमड्डीतल्या आमच्या घरात छापलेल्या कागदाबाबत शेवटचा शब्द माझा.

त्या उन्हाळ्यात आईच्या काखेत गाठ आली. सुपारीएवढी. दुखत नव्हती, म्हणून आई दवाखान्याचं नाव काढू देईना.

"न दुखणाऱ्या गाठीला कशाला दुखवायचं?"

मी पहिल्यापासून स्पष्ट बोलणारी. "आणि कॅन्सर असला म्हणजे?"

"मग तर मुळीच यायची नाही!"

व्याख्यान चालेना, तेव्हा मी गोष्टीचा उपाय काढला. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एक कादंबरी आणली. सोळा वर्षांची नोरा, सतरा वर्षांचा फिलिप, दोघांनाही कॅन्सर. दवाखान्यात भेटतात आणि प्रेमात पडतात. नोराने आधी गाठ लपवलेली असते. एवढं मी मागच्या कव्हरवर वाचलं आणि म्हटलं, बास, आईला धडा मिळेल! शेवट वाचून बघायची मला गरज वाटली नाही. (पदवीधरांना वाटत नाही.)

दुपारी आई आणि शेजारच्या गंगाक्का उडदाचे पापड लाटायच्या आणि मी एकेक पान मराठीत करून सांगायची. गाठीपाशी आले की आवाज चढवायची. पण आईचं लक्ष भलतीकडेच.

"पोरगा कुणाचा गं? काय करतो?"

"आई, सतरा वर्षांचा आहे तो. आजारी आहे."

"ते कळलं. वडील काय करतात?"

"केस गेलेली पोरगी आवडली म्हणजे गुणाचा आहे हो पोरगा," गंगाक्का म्हणाल्या. "आमच्या ह्यांना मी एवढी लांब वेणी असतानाही आवडत नव्हते!"

नवव्या प्रकरणात नोराची तब्येत ढासळली. आईने लाटणं खाली ठेवलं, तुळशीकडे बघून हात जोडले आणि जाहीर केलं, "ही पोरगी बरी होईपर्यंत मी चहा सोडला."

"आणि तुझा दवाखाना?"

"तिचं होऊ दे आधी. एका वेळेला एकच काळजी."

आई दिवसाला सात कप पिणारी! दुसऱ्या दिवशी तिचं डोकं धरलं. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं आणि चूक काढणारे अण्णा उपाशी दुकानात गेले. चौथ्या दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं आणि हंड्यांच्या आडोशाला नेलं.

"किती पानं राहिली?"

"साठ."

"आजच बरी करून टाक तिला!"

"अण्णा, छापलेलं आहे ते! मी काय करणार?"

"मग बी.ए. कशाला झालीस?"

मी परसात बसून साठ पानं वाचून काढली. दोनशे अकराव्या पानावर फिलिपचा हात धरून नोरा मेली. मी ढसाढसा रडले, तोंड धुतलं आणि पापडांपाशी जाऊन जन्मातलं पहिलं मोठं खोटं बोलले. "नोराने गाठ वेळेवर दाखवली. डॉक्टरांनी काढली. बरी झाली!"

"लग्न?" आईने विचारलं.

हा विचार मी केलाच नव्हता. "झालं की! थाटात!"

"जेवायला काय होतं?"

"जिलेबी."

"इंग्रजांत जिलेबी?"

"फिलिपची आजी इकडे होती काही वर्षं." (खोटं एकटं राहत नाही, संसार मांडतं.)

आईने लागोपाठ दोन कप चहा घेतला. दुसऱ्या दिवशी इरकली साडी नेसून स्वतःच म्हणाली, "चल, दाखवून येऊ." मी मनात स्वतःची पाठ थोपटली. हुबळीच्या दवाखान्यात सुईने तपासणी झाली. रिपोर्ट आठ दिवसांनी.

आठव्या दिवशी आई निवांत होती आणि मी दारावरची पाटी पुन्हा पुन्हा वाचत होते. डॉक्टरीणबाई कानडी बोलणाऱ्या, मोठ्या प्रेमळ. त्यांनी सहज विचारलं, "अव्वा, बायका गाठ लपवतात. तुम्ही कशा आलात?"

झालं! आईने अस्खलित कानडीत नोरा, फिलिप, लग्न, जिलेबी, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

"ही कादंबरी वाचलीय मी. पण अव्वा, नोरा तर शेवटी मरते."

आईने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"आणि जिलेबी?" आईने विचारलं.

"जिलेबी नाही त्यात."

"म्हणजे मी आठ दिवस चहा पीत होते, आणि तिकडे पोरगी मेलेली?"

डॉक्टरीणबाईंनी घाईने रिपोर्ट उघडला. "अव्वा, तुमची गाठ साधी आहे. चरबीची. काही भीती नाही."

"आई, ऐकलंस?" मी हुंदका देत म्हणाले. "साधी आहे!"

"तू गप्प बस. तू काही चांगलं सांगितलंस की मला भीतीच वाटते." मग डॉक्टरीणबाईंकडे वळून ती म्हणाली, "तुमच्यावर माझा विश्वास आहे. मेलेल्या पोरीला तुम्ही तोंडावर मेली म्हणालात. माझ्या गाठीबद्दल कशाला खोटं बोलाल?"

बाहेर टपरीवर तिने चहा मागवला. पहिला घोट नोराच्या नावाने मातीत सांडला. मग हळूच म्हणाली, "बिचाऱ्या फिलिपचं काय झालं गं?"

मी तोंड उघडलं.

"नको. राहू दे."

तेव्हापासून आमच्या घरात एक पद्धत पडली आहे. लग्नपत्रिका येते, ती मी खणखणीत आवाजात वाचते. आई शांतपणे ऐकून घेते. मग पत्रिका माझ्या हातातून काढून, मुहूर्त खरा आहे ना हे बघायला अण्णांकडे देते. चौथी नापास अण्णांकडे!