थर्माकोलचा भोपळा

सौदीतल्या दम्मामात आमच्या शेजारी राहणाऱ्या नर्सबाई घरातही वॉर्डातल्यासारख्याच बोलतात. आम्ही त्यांना जेवायला बोलावलं, तर "भाऊजी, भात पुरे," असं मलाच माझ्या ताटावर बजावतात.

परवा गणपतीची मखरं केल्याच्या बढाया मारत मी लेकीचा, शाळेच्या ‘फॉल क्राफ्ट’साठी, म्हणजे शरद ऋतूच्या हस्तकलेसाठी केलेला थर्माकोलचा भोपळा स्प्रेने रंगवला. स्प्रेतल्या रसायनाने तो एका बाजूने चक्क विरघळला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शाळेत न्यायचा होता. "बाबा, यू किल्ड इट!" म्हणत लेक रडत भोपळा घेऊन शेजारी धावली, मागोमाग मी.

नुकत्याच ड्यूटीवरून आलेल्या बाईंनी खड्ड्यात कापूस भरला आणि बँडेज गुंडाळायला घेतलं. मी मदतीला वाकलो.

"नातेवाइकांनी बाहेर थांबायचं!"

मी खरंच बाहेर जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने आतून लेकीचं खिदळणं ऐकू आलं. मग दार किलकिलं झालं.

"पेशंट बरा आहे. हात लावणार नसाल, तर आत या."